देशाच्या मोठ्या प्रश्नांवर आपण थेट मत का देऊ नये?

केळफूल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या गावात (सातारा जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम देत नाही) दारूच्या दुकानावर मतदान झालं. तेच ते, उभी बाटली आडवी बाटली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गावातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला हवं असेल तर आडवीवर शिक्का. आणि झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई घरी बसली तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात.

मी त्या दिवशी तिथेच होते. दुकानवाल्याने नेमकी त्याच दिवशी बायकांसाठी देवदर्शनाची फुकट गाडी काढली होती, पहाटे साडेपाचला स्टँडवर दोन जीप उभ्या. माझी मावशी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. ती जीपपाशी गेली, आत बसलेल्या धाकट्या जावेचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि म्हणाली, "द्येव कुटं पळून जात न्हाई, शिक्का मारू आन् मग जाऊ." तिच्या मागोमाग आणखी सात-आठ जणी उतरल्या. शाळेत तिसरीच्या वर्गात मतदान होतं, फळ्यावर आदल्या दिवशीचा सातचा पाढा तसाच होता. शिक्का मारून बाहेर आल्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आजवर मालक सांगतील त्या चिन्हावर मारत आले. आज पयल्यांदा मला इचारलं, तुला काय पायजे म्हनून."

ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. एका दुकानाचा निर्णय गावातल्या बायका घेऊ शकतात तर देशाच्या प्रश्नांवर आपल्याला कोणी विचारायला नको का? पाच वर्षांतून एकदा एक बटण दाबायचं आणि त्या एका बटणात शेतमालाचा भाव, शाळा, कर, जंगल, परराष्ट्र धोरण सगळं आलं असं धरून चालायचं. मला ते पटत नाही. मोठ्या प्रश्नांवर तरी थेट मतदान हवं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि विरोध असेल तर का तेही लिहा.

चहाबाज
मावशींना साष्टांग नमस्कार सांगा. पण दुकान बंद झालं की नाही ते लिहिलंच नाही तुम्ही!

घाटमाथा
भावना कळते पण मी विरोधात. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, निवडणुकीची ड्युटी म्हणजे काय ते विचारा. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने केंद्रावर जायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे मॉक पोल, दिवसभर मतदान आणि मशीन परत जमा करेपर्यंत मध्यरात्र. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते, १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे करावे लागले. आता प्रत्येक मोठ्या प्रश्नाला हे करायचं म्हटलं तर वर्गात शिकवायचं कोणी? मुलांचं नुकसान होतं हो, दर निवडणुकीला होतं, ते कोणी मोजत नाही.

गावठी_कोडर
सर, त्यासाठी मोबाइल आहे ना. युपीआयने भाजीवाल्याला दहा रुपये देतो आपण, मग मत का नाही देऊ शकत? आधार, ओटीपी, झालं.

केळफूल
@गावठी_कोडर नाही हो, तिथे मी ठाम विरोधात. मावशीच्या घरात मोबाइल एकच आणि तो काकांच्या शर्टच्या खिशात. ओटीपी कोणाला येणार? त्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी उभी होती म्हणून तर तिला स्वतःचं मत देता आलं. आडोसा गेला की सगळं गेलं.

गावठी_कोडर
हम्म. हा मुद्दा मान्य. हे डोक्यात आलं नव्हतं.

वकीलबाई
चांगला धागा. थोडं लांबेल.

आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूदच नाही. घटनादुरुस्ती कलम ३६८ प्रमाणे संसद करते, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, पण लोकांना थेट विचारायची वाट कुठे नाही. एकदा मात्र आपण अगदी जवळ जाऊन आलोय. आणीबाणीनंतर १९७८ साली जनता सरकारने जे ४५ वं घटनादुरुस्ती विधेयक आणलं (पास झाल्यावर ती ४४ वी दुरुस्ती ठरली) त्यात असं होतं की घटनेचं लोकशाही किंवा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावायचा तर आधी जनतेचं सार्वमत घ्यावं लागेल. लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने ते कलम काढून टाकलं. लक्षात घ्या, तिथे सार्वमत हे कुलूप म्हणून सुचवलं होतं. सरकारला मोकळं रान द्यायला नाही, सरकारचा हात धरायला.

आता माझी भीती. हिंदू कोड बिल १९५० च्या आसपास सार्वमताला टाकलं असतं तर काय झालं असतं? बाईला घटस्फोट, संपत्तीत वाटा, एकपत्नीत्व. संसदेत सुद्धा इतका विरोध झाला की १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शेवटी १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्याने कायदे झाले. माझ्याकडे वाटणीच्या केसेस घेऊन बायका येतात, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव पहिल्यांदा बघताना त्यांचे चेहरे मी बघते. त्या कायद्यासाठी त्या वेळी देशभर मतदान घेतलं असतं तर तो नापास झाला असता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. थोड्यांचे हक्क जास्तीच्या मतांवर टांगायचे नसतात.

शेवटचा_मजला
वकीलबाईंच्या शेवटच्या वाक्याला +१, आमच्या बिल्डिंगमध्ये हेच चाललंय. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. लिफ्ट बसवायचा ठराव तीनदा मांडला, तिन्ही वेळा पडला कारण तळमजला, पहिला आणि दुसरा मिळून बहुमत होतं आणि त्यांना लिफ्टचा खर्च नको. सगळं नियमाने, हात वर करून, कोणी फसवलं नाही. पण माझी आई गुडघ्यांमुळे दीड वर्ष झालं खाली उतरलेली नाही. भाजीवाल्याला वरूनच दोरीला पिशवी बांधून सोडते. थेट मतदान म्हटलं की मला ती पिशवी दिसते.

झुरिकजवळ
केळफूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दर तीन महिन्यांनी टपालाने पाठवतो म्हणून लिहितोय. स्वित्झर्लंडमध्ये सतरा वर्षं झाली, पाच वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतलं.

वर्षातून चार रविवार मतदानाचे ठरलेले असतात. महिनाभर आधी घरी पाकीट येतं, त्यात मतपत्रिका आणि एक लाल पुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाची सरकारने मांडलेली माहिती, संसदेत किती मतं पडली, आणि विरोधी समितीचं म्हणणं तिच्याच शब्दांत छापलेलं असतं. ज्यांनी सरकारला कोर्टात खेचावं तसं लोकांपुढे खेचलं त्यांचं म्हणणं सरकारी खर्चाने छापून घरोघर जातं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आम्ही नवराबायको जेवणाच्या टेबलावर ती पुस्तिका घेऊन बसतो, निम्म्या वेळा आमची मतं एकमेकांची वजाबाकी होतात.

नियम असा. संसदेने केलेला कायदा नको असेल तर १०० दिवसांत ५०,००० सह्या गोळा करा, मतदान घ्यावंच लागतं. घटनेत नवीन काही घालायचं असेल तर १८ महिन्यांत एक लाख सह्या. घटनादुरुस्तीला लोकांचं बहुमत आणि कँटनांचंही (म्हणजे इथल्या राज्यांचं) बहुमत, दोन्ही लागतात, म्हणजे मोठी शहरं मिळून छोट्या डोंगरी भागांना गुंडाळू शकत नाहीत.

लोक स्वतःच्या फायद्याचंच मत देतात असं म्हणतात ना, २०१२ मध्ये सगळ्यांना वर्षाला सहा आठवडे भरपगारी रजा द्यावी असा प्रस्ताव होता. दोन तृतीयांश लोकांनी नको म्हटलं! कंपन्यांना झेपणार नाही, नोकऱ्या जातील, असा विचार केला लोकांनी. आणि २०२४ च्या मार्चमध्ये पेन्शनचा तेरावा हप्ता मात्र ५८ टक्क्यांनी मंजूर केला, सरकारचा आणि संसदेचा विरोध असताना. म्हणजे लोक डोळे मिटून शिक्का मारत नाहीत.

आता काळी बाजू, कारण ती लपवून चालणार नाही. १९५९ साली इथे बायकांना मताचा हक्क द्यावा का असं विचारलं. विचारलं कोणाला, तर फक्त पुरुषांना, आणि दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. शेवटी १९७१ मध्ये हक्क मिळाला. आपल्या आज्या १९५२ ला मत देऊन आल्या होत्या, तेव्हा इथल्या आज्या घरी होत्या. एका कँटनमध्ये तर स्थानिक मतदानासाठी १९९० मध्ये कोर्टाला सांगावं लागलं. २००९ मध्ये मशिदींच्या नव्या मिनारांवर बंदी ५७.५ टक्क्यांनी मंजूर झाली. वकीलबाई, तुमची भीती खरी आहे.

चहाबाज
दोन तृतीयांश लोकांनी सुट्टी नाकारली? आमच्या ऑफिसात हे वाचून दाखवलं, कोणाचा विश्वास बसेना.

घाटमाथा
स्वित्झर्लंडची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. पुणे जिल्हा २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होता. जिल्ह्याएवढ्या देशाचं उदाहरण आपल्याला कसं लागू होणार?

झुरिकजवळ
सर, मग पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

मांडवीकाठ
एवढं लांब कशाला जाता, आमचं गोवं विसरलात काय? भारतात एवढ्या मोठ्या प्रश्नावर लोकांना सरळ विचारलं ते आमच्याकडे. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा एवढाच प्रश्न. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासितचं दोन पानं. माझे आजोबा फोंड्याचे, मराठी शाळेत शिकलेले, रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचणारे, ते कट्टर फूलवाले. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ दोन पानांचे. एकाच घरात दोन झेंडे, आजी सांगायची की त्या महिन्यात दोघं भाऊ एका पंक्तीला बसले नाहीत, ती एकाला ओसरीवर वाढायची आणि एकाला आत. निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आजोबा हरले. त्या रात्री ते जेवले नाहीत पण दुसऱ्या दिवशी स्वतः उठून भावाच्या शेजारी पाट मांडून बसले. विषय संपला होता, कारण सगळ्यांना विचारून झालं होतं.

आता मुद्दा बघा. १९६३ ची निवडणूक भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने विलीनीकरणाच्या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. म्हणजे प्रतिनिधींवर सोडलं असतं तर विधानसभेत ठराव, की गोवा महाराष्ट्रात. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला, लोकांनी विलीनीकरण नाकारलं, आणि तीन महिन्यांच्या आत निवडणूक झाली तर लोकांनी परत मगोलाच निवडून दिलं! कूळांच्या जमिनी, गावात शाळा, बहुजनांचं राज्य यासाठी बांदोडकर हवेत, पण महाराष्ट्रात जायचं नाही. एवढा बारीक विचार एका शिक्क्यात कसा सांगणार माणूस? त्याला दोन शिक्के लागतात. केळफूल, तुमच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

केळफूल
अंगावर काटा आला वाचताना. पाट मांडून बसले हे फार सुंदर. आणि "दोन शिक्के लागतात" हेच तर मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

सीमावासी
मांडवीकाठ, तुमच्या आजोबांना हरल्याचं दुःख झालं पण त्यांना विचारलं तरी गेलं. आम्ही बेळगावकर १९५६ पासून वाट बघतोय. आमच्यासाठी महाजन आयोग आला, त्याने कागद वाचले, गावं वाटली. आमच्या वडिलांना कोणी मतपत्रिका दिली नाही. दोन्हीकडचे पुढारी बोलतात, कोर्टात केस चालू आहे, आणि एसटी बस अडवली की मार खातो तो ड्रायव्हर-कंडक्टर. कौल आमच्याविरुद्ध लागला असता तरी चाललं असतं असं आता म्हातारी माणसं म्हणतात. निदान मनातून गेलं असतं.

पुलावरून
@सीमावासी पण विचारायचं कोणाला? एका गावाला, तालुक्याला, की सगळ्या राज्याला? गोव्याच्या वेळी सुद्धा मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत द्या अशी मागणी होती, ती मानली नाही. मतदार कोण हे ज्याने ठरवलं त्याने निम्मा निकाल ठरवला.

मांडवीकाठ
खरंय. आणि तिसरा पर्याय कागदावर नव्हताच, वेगळं राज्य. ते मिळायला ३० मे १९८७ उजाडलं. प्रश्न कोण लिहितो ह्याला फार महत्त्व आहे.

क्रॉयडनची_लोकल
प्रश्न कोण लिहितो म्हणालात म्हणून लिहिते. २३ जून २०१६, ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही या सार्वमताला, मी मत दिलंय, हातात भारतीय पासपोर्ट असताना. राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना मत होतं. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी पोलंडची मैत्रीण अकरा वर्षं इथे, तिच्या राहण्याचाच प्रश्न होता आणि तिला मत नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी मत देऊन आले तेव्हा तिच्याकडे बघवेना.

कागदावर दोनच पर्याय, राहा किंवा बाहेर पडा. बाहेर पडून कुठे जायचं, कोणता करार, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं काहीच नाही. ५१.९ टक्के बाहेर म्हणाले आणि मग साडेतीन वर्षं संसदेत भांडणं, कारण त्या ५१.९ टक्क्यांत प्रत्येकाच्या मनातलं 'बाहेर' वेगळं होतं. बाहेर पडलो ३१ जानेवारी २०२० ला. माझं म्हणणं एवढंच की पूर्ण तयार कायदा समोर ठेवा आणि मग हो-नाही विचारा. नुसती इच्छा विचारू नका.

डब्लिनहून
सीमावासी यांनी बेळगावचं नाव काढलं म्हणून मला आयर्लंडचं सांगावंसं वाटतं, कारण इथल्या एका मतदानाच्या मुळाशी बेळगावची मुलगी आहे. सविता हलप्पनवार. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉलवेत गर्भ वाचण्याची शक्यता नसताना तिला गर्भपात नाकारला गेला आणि ती सेप्सिसने गेली. एकतीस वर्षांची होती.

गर्भपातबंदीच्या ज्या कलमामुळे हे झालं ते १९८३ साली लोकांनीच थेट मतदानाने घटनेत घातलं होतं, ६७ टक्क्यांनी. आणि २५ मे २०१८ ला लोकांनीच ६६.४ टक्क्यांनी काढलं. म्हणजे वकीलबाईंचंही बरोबर आणि केळफूल यांचंही. पण दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट झाली ती मला फार मोलाची वाटते. सरकारने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे देशभरातून ९९ साधे नागरिक निवडले, वर एक न्यायाधीश अध्यक्ष. त्यांनी पाच शनिवार-रविवार बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूच्या बायका यांना ऐकलं, मग शिफारस केली, मग संसदेची समिती, आणि मग सगळ्या देशाचं मतदान. सविताच्या आईवडिलांनी बेळगावहून 'हो'साठी आवाहन केलं होतं. निकालाच्या दिवशी डब्लिनमध्ये भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं आणि लोक त्यावर छोट्या चिठ्ठ्या चिकटवत होते. 'सॉरी' असं लिहिलेल्या कितीतरी होत्या. मी नागरिक नाही म्हणून मला मत नव्हतं. मी एक मराठीत चिठ्ठी लिहून लावली.

सीमावासी
काय बोलू. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

वैनगंगा
माहा अनुभव गावाचा हाय, देशाचा नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा लेखा आहे, देवाजी तोफांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. नोकरीच्या निमित्ताने मी तिथल्या ग्रामसभेला दोन-तीनदा बसलो. सगळ्यात आधी हे लक्षात आलं की तिथे मतदान होतच नाही! सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीला. एक म्हातारी नाही म्हणाली तर थांबतात. आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट बसतो, कायदा वाचतो, बाहेरच्या माणसाला बोलावून विचारतो, पण तो निर्णय घेत नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो असा अभ्यास करून. शेवटचा_मजला, तुमच्या आईची लिफ्ट तिथे अडली नसती असं मला वाटते, कारण तिचं ऐकून घेतल्याशिवाय विषय मिटलाच नसता.

२०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबद्दल सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं, बारा गावांनी बाराही नाही म्हटलं, खाण थांबली. त्या डोंगराला ते देव मानतात. दिल्लीत बसून कोणाला ते कळलं नसतं.

गावठी_कोडर
पण पाचशे लोकांचं गाव आणि ९७ कोटींचा देश. सहमती कशी होणार?

वैनगंगा
देशाची होणार नाही. पण अभ्यास गट होऊ शकतो ना. डब्लिनहून यांनी सांगितलं ते तेच तर आहे.

पेणकर
मी उशिरा आलो. महाराष्ट्राचं एक उदाहरण कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. सप्टेंबर २००८, पेण तालुका, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली २२ गावं. सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्र) जमीन द्यायची का यावर सरकारने शेतकऱ्यांचं जनमत घेतलं. माझे वडील तेव्हा होते. दोन एकर भाताचं खाचर आमचं, धरण होऊन पाणी मात्र बांधापर्यंत आलेलं नव्हतं. आधी महिनाभर गावात मोठमोठ्या गाड्या, एकरी किती लाख त्याची बोली, घरातल्या एकाला नोकरी. वडील तसे कर्जात होते, विकून टाकलं असतं तर आम्ही समजू शकलो असतो. त्या दिवशी त्यांनी धोतर-टोपी धुतलेली घातली, रांगेत उभे राहिले आणि 'नाही' देऊन आले. आजूबाजूच्या गावांतही 'नाही'चाच पूर होता. तो सेझ झाला नाही. वडील गेले, खाचर आहे.

पण एक सांगतो, त्या मतदानाच्या आधी दोन-तीन वर्षं मोर्चे, उपोषणं, मुंबईपर्यंत चालत जाणं, सगळं झालं होतं. सरकारने आपणहून विचारलं नाही. विचारायला लावलं.

घाटमाथा
माझा विरोध थोडा मवाळ होतोय हे कबूल करतो. गोवा आणि पेण दोन्ही ठिकाणी एक साम्य दिसतं, ज्यांच्या पानात पडणार त्यांनाच विचारलं होतं. मावशींच्या गावातही तेच. पण देशाचा प्रश्न असा असतो का? ऊसवाल्याला साखर निर्यात हवी, शहरातल्या माणसाला स्वस्त साखर हवी. मतं मोजली तर खाणारेच जास्त, पिकवणारे कमी. शेतकरी दर वेळी हरेल.

शेतातला_शेजारी
सर एक नंबर बोललात. कांद्याचं पण तेच. निर्यातबंदीवर देशभर मतदान घेतलं तर लासलगावचं काय होईल ते सांगायला नको.

गावठी_कोडर
मग प्रतिनिधी तरी शेतकऱ्यांचं बोलतात का? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाने व्हिप (असंच मत द्या असा आदेश) काढला की खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. कांद्याच्या पट्ट्यातला खासदार पक्षाविरुद्ध हात वर करू शकत नाही. एका खासदारामागे सरासरी अठरा लाख मतदार आणि मत मात्र पक्षाचं एकच. माझा खरा राग त्यावर आहे. पैशाच्या विधेयकांना आणि अविश्वास ठरावाला व्हिप ठेवा, बाकी ठिकाणी त्याला मोकळा सोडा. कदाचित सार्वमताची गरजच पडणार नाही.

वकीलबाई
हे अगदी मनातलं. आणि त्याआधी एक साधी गोष्ट. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलंच पाहिजे असं नाही. शिवाय मसुदा असतो इंग्रजीत. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करा. पेणकरांच्या वडिलांना जमिनीचा कायदा मराठीत वाचायला मिळाला पाहिजे, मग मताचं बोलू. झुरिकजवळ यांची लाल पुस्तिका मला सगळ्यात जास्त आवडली ती यासाठी.

झुरिकजवळ
ती चार भाषांत निघते. आणि ज्या कायद्यावर सह्या गोळा होऊ शकतात तो कायदा संसद आधीच फार जपून करते, सगळ्यांना विचारून, मध्यम मार्ग काढून, कारण नंतर लोक पाडतील ही धास्ती असते. बहुतेक कायद्यांवर मतदान होतच नाही. मतदान होऊ शकतं एवढ्यानेच काम भागतं.

शेवटचा_मजला
अवांतर: वैनगंगा यांचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला, म्हणाले आईला भेटायला येतो. ते सहा वर्षांत पहिल्यांदा वर येणार आहेत.

केळफूल
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माझं मत धागा काढला तेव्हा होतं तसं राहिलेलं नाही, ते सांगणं माझं काम आहे.

सगळ्या मोठ्या प्रश्नांवर मतदान घ्या असं आता म्हणणार नाही. कोणाचे हक्क कमी करायचे किंवा द्यायचे हे मोजणीवर सोडू नये, हे वकीलबाईंनी पटवलं. कांद्याचंही पटलं. पण एक मागणी सोडत नाही, ती म्हणजे थांबवण्याचा हक्क. झालेला कायदा, पूर्ण लिहिलेला, मराठीत छापलेला, आणि पुरेशा लोकांनी सह्या करून सांगितलं की आम्हाला विचारा, तर विचारायला लागलं पाहिजे. नवीन काही लादायला नको, फक्त 'थांबा' म्हणायला. आणि अट आडवी बाटलीसारखी कडक ठेवा, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. अवघड आहे हे मला माहितीये, मी बघितलंय. तरी असू दे. आधी राज्यात करून बघा, मग देशाचं.

आणि दोन शिक्क्यांचं मी कायम लक्षात ठेवीन.

घाटमाथा
यावर माझी सही घ्या. ड्युटी लावली तर येतो.

चहाबाज
ताई, सगळं झालं पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच! दुकान बंद झालं का?

केळफूल
हो हो, राहिलंच. झालं. एकूण ८४० महिला मतदार होत्या, ४२१ लागत होत्या, ४४६ पडल्या. देवदर्शनाची एक जीप रिकामीच गेली.

पण दोन वर्षांत ओढ्यापलीकडच्या गावात त्याच माणसाने नातेवाइकाच्या नावाने दुकान काढलं आणि आमच्या गावचे गडी आता तिकडे जातात. ते गाव वेगळं, त्यामुळे मतदानाचा हक्क तिथल्या बायकांचा. मावशी आता पंच्याहत्तरची आहे. गेले दोन महिने ती ओढा ओलांडून त्या गावात जाते आणि ओट्यावर बसून बायकांशी बोलते. सह्यांचा कागद भरलाय, येत्या गुरुवारी पडताळणी आहे, प्रत्येकीला आपली सही आपलीच म्हणून साहेबांसमोर सांगावी लागते. मी बुधवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. मावशीने निरोप दिलाय की येताना चष्म्याची काडी बसवून आण आणि दोन शाई पॅड घेऊन ये, तिथल्या निम्म्या जणी अंगठा लावतात.